शनिवारची लीग आणि लक्षात राहिलेले संघ

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलीतला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझं भाषण जेवणाच्या आधी ठेवलंय आणि मागच्या टेबलावरून मसालेभाताचा वास येतोय. म्हणजे मी किती वेळ बोलायचं हे कार्यकारिणीने न सांगताच सांगितलं आहे!

गेली अकरा वर्षं मी हिवाळ्यातले शनिवार एका चर्चच्या जिममध्ये काढतो. खेळत नाही. माझी उंची आणि माझं पोट दोन्ही तुमच्यासमोर आहेत. मी टेबलावर बसून स्कोअरबुक लिहितो. कोणी बास्केट केली, कोणाचा कितवा फाउल झाला, टाइमआउट किती उरले, एवढंच. मुलांना आम्ही कॅथलिक शाळेत घातलं, कारण शाळा घराजवळ होती आणि शिस्तीची होती. आपल्यापैकी कितीतरी जण मुंबई-पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेत, त्यामुळे आपल्याला त्याचं नवल नाही. शाळेच्या मागोमाग बास्केटबॉल आला. मुलं केव्हाच कॉलेजात गेली, मी मात्र अजून टेबलावरच आहे.

आज हा विषय निवडायला कारण आहे. आपलं मंडळ यंदा मुलांची बास्केटबॉल स्पर्धा सुरू करतंय. त्यात फक्त सभासदांची मुलं घ्यायची की त्यांचे मित्रही, मुलामुलींचे संघ वेगळे ठेवायचे की एकत्र, आणि प्रत्येक मुलाला खेळवायचंच की जिंकण्यासाठी निवडक पाचच उतरवायचे, यावर गेल्या बैठकीत बरीच गरमागरमी झाली. हेच प्रश्न या देशातल्या कॅथलिक लीगमध्ये केव्हाचे गाजलेत. म्हणून म्हटलं, तिथले लक्षात राहिलेले संघ तुम्हाला सांगावेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. बास्केटबॉल जन्मला डिसेंबर १८९१ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत. जेम्स नेस्मिथ या मूळच्या कॅनेडियन शिक्षकाने हिवाळ्यात घरात कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी पीचच्या दोन टोपल्या बाल्कनीला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. वायएमसीए ही प्रॉटेस्टंटांची संस्था. कॅथलिकांनी आपली स्वतःची संघटना काढली ती १९३० मध्ये, शिकागोला. महामंदीचे दिवस होते, पोरं रस्त्यावर होती. बिशप बर्नार्ड शील हे आधी तुरुंगात धर्मोपदेशक म्हणून काम केलेले गृहस्थ. पोरं कुठल्या वाटेने तिथे पोचतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी कॅथलिक यूथ ऑर्गनायझेशन, म्हणजे सीवायओ, स्थापन केली. आधी बॉक्सिंग, पाठोपाठ बास्केटबॉल. आणि बरं का, नाव कॅथलिक असलं तरी काळी मुलं, ज्यू मुलं, सगळ्यांना दार उघडं होतं. १९३० च्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे गावोगावच्या पॅरिशांनी हे उचललं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. आपल्याकडे जसं ‘आमच्या आळीचा गणपती’ म्हणतात, तसा हा आळीचा संघ. पाचवी ते आठवीची मुलं, प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी आईबाबा, आणि जिम म्हणजे बहुतेक वेळा शाळेचा हॉल. एका बाजूला नाटकाचं स्टेज, दुसऱ्या बाजूला भिंत इतकी जवळ की लेअप मारून मुलगा थेट गादीवर आपटतो. खिडकीशी नाचो आणि हॉट डॉग विकणाऱ्या आया. सामन्याआधी प्रार्थना. तेव्हा माझी मुलं हात जोडून उभी राहायची, आणि कधी कोणी त्यांना ‘तुम्ही का?’ असं विचारलं नाही.

आता संघ.

पहिला संघ शिकागोच्या सेंट सबिना पॅरिशचा. शहराच्या दक्षिण भागातली ही वस्ती एकेकाळी पक्की आयरिश होती. १९६५ साली पॅरिशच्या सभागृहाबाहेर झालेल्या गोळीबारात एक गोरा मुलगा मरण पावला. गोरी कुटुंबं आधीपासूनच निघायला लागली होती, त्यानंतर तर रांगच लागली. थोड्याच वर्षांत पॅरिश जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय झाली. २००१ मध्ये तिच्या शाळेने साउथसाइड कॅथलिक कॉन्फरन्स या लीगमध्ये प्रवेश मागितला. लीगमधल्या बहुतेक पॅरिशा गोऱ्या वस्तीतल्या. मतदान झालं आणि बहुमताने नकार आला. कारण काय दिलं? सुरक्षितता. आमची मुलं त्या भागात सामन्याला पाठवायला भीती वाटते.

मंडळी, मला त्या पालकांची टिंगल करायची नाही. मुलाच्या काळजीने आईबाप काय काय बोलतात ते आपण जाणतो. पण गंमत बघा. ज्या शहरात शील यांनी सगळ्यांसाठी दार उघडलं, त्याच शहरात सत्तर वर्षांनी, त्याच चर्चची मुलं त्याच चर्चच्या मुलांना नको झाली. बातमी देशभर गेली. शिकागोचे कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांनी निर्णयाचा फेरविचार करायला सांगितलं, पुन्हा मतदान झालं आणि सेंट सबिनाला प्रवेश मिळाला. इथे सिनेमा संपला असता. प्रत्यक्षात पहिल्याच मोसमात आपल्या मुलांना वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या, अशी तक्रार करून २००२ मध्ये शाळा लीगमधून बाहेर पडली. मतदानाने दार उघडतं. आत आलेल्याला बसायला जागा द्यायची की नाही, हे मात्र बाकावरचे आईबाप ठरवतात. त्या संघाने किती सामने जिंकले ते कुणाला आठवत नाही. संघ मात्र आठवतो.

दुसरा संघ आपल्या न्यू जर्सीचा. क्लार्क गावातल्या सेंट जॉन्स पॅरिशचा पाचवीचा सीवायओ संघ, साल २०१७. नऊ मुलगे आणि दोन मुली, आधीपासून एकत्र खेळत आलेले. मोसम संपत आला आणि लीगने कळवलं की मुलांच्या लीगमध्ये मुली चालणार नाहीत. मुलींना बाहेर ठेवून खेळा, नाहीतर मोसमावर पाणी सोडा. फेब्रुवारीत सामन्याच्या वेळी मोठ्यांनी तो निर्णय मुलांवरच सोपवला. दहा-अकरा वर्षांची पोरं हो! मुलींशिवाय खेळायचं की एकत्र राहायचं, हात वर करून सांगा. अकराच्या अकरा हात एकत्र राहण्यासाठी वर गेले. सामना सोडून दिला.

मला या गोष्टीतलं काय भावतं सांगू? त्यातल्या नऊ जणांचं काहीच बिघडलं नव्हतं. त्यांना खेळायला पूर्ण परवानगी होती. दोघींनी हात वर केला असता तर तो स्वतःसाठी होता. नऊ जणांनी केला तो दुसऱ्यासाठी. बातमी पसरल्यावर थोड्याच दिवसांत वरिष्ठांनी निर्णय मागे घेतला आणि संघ मुलींसह पुन्हा मैदानात आला. पण हात वर करताना हे पोरांना माहीत नव्हतं. मोसम गेला असंच समजून त्यांनी तो केला होता.

आता कोणी म्हणेल, मुलींना मुलांबरोबर खेळवून काय साधतं? त्यांना मी एका ननची गोष्ट सांगतो. सिस्टर जीन. २०१८ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेला, तेव्हा व्हीलचेअरमधल्या ९८ वर्षांच्या आजी सगळ्या टीव्हीवर झळकल्या होत्या, त्याच. २०२५ मध्ये वयाच्या १०६ व्या वर्षी त्या गेल्या. तरुणपणी त्या लॉस एंजेलिसजवळच्या एका पॅरिश शाळेत शिकवायच्या आणि मुलींच्या संघाला शिकवायच्या. दुपारच्या सुट्टीत त्या मुद्दाम मुलांना मुलींविरुद्ध खेळायला लावत. हेतू एकच, आपल्या मुली दणकट व्हाव्यात.

अशा दणकट मुली पुढे काय करतात? तिसरा संघ बघा. हा कॉलेजचा आहे, पण याची मुळं पॅरिशच्या जिममध्येच आहेत. फिलाडेल्फियाजवळ इमॅक्युलाटा नावाचं नन्सनी चालवलेलं छोटं महिला महाविद्यालय. त्याची जिम १९६७ मध्ये जळाली होती. प्रशिक्षक कॅथी रश यांना वर्षाचे साडेचारशे डॉलर मिळत. खेळाडूंतल्या बऱ्याचजणी त्या भागातल्या सीवायओ आणि कॅथलिक शाळांच्या लीगमध्ये घडलेल्या. १९७२ मध्ये स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेला इलिनॉयला जायचं तर पैसे नाहीत. मुलींनी टूथब्रश विकले. तेवढ्यात आठच जणींचा प्रवास बसला, तोही विमानात जागा उरली तर मिळेल अशा तिकिटावर. अंतिम सामना वेस्ट चेस्टरशी. याच संघाने थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना ७०-३८ असं लोळवलं होतं. अंगात लोकरी ट्युनिक, बाकावर राखीव जेमतेम तीन. आणि इमॅक्युलाटा जिंकली ५२-४८! पुढची दोन वर्षंही विजेतेपद त्यांचंच. त्यांच्या सामन्यांना नन्स बादल्या बडवत बसायच्या. आपल्या ढोल-ताशाची आठवण यावी असा तो आवाज असणार.

आणि एक उंच मुलगा. न्यूयॉर्कच्या इनवुड भागातल्या सेंट जूड शाळेत आठवीतच साडेसहा फुटांच्या वर गेलेला. नाव ल्यू अल्सिंडर. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला आणि जग त्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखू लागलं. नन्सच्या शाळेतला मुलगा मोठा होऊन कोणत्या देवाला हात जोडेल, हे शाळा ठरवू शकत नाही. पण त्याने चेंडू पहिल्यांदा कुणाच्या अंगणात उडवला ते अंगण राहतंच.

ती अंगणं आता कमी होत चालली आहेत, हेही सांगायला हवं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर या देशातल्या कॅथलिक शाळांत बावन्न लाखांच्या आसपास मुलं होती, आज जेमतेम सतरा लाख. जर्सी सिटीची सेंट अँथनी हायस्कूल तर बास्केटबॉलची पंढरी. बॉब हर्ली सरांनी स्वतःची जिम नसलेल्या या शाळेला राज्याची २८ अजिंक्यपदं मिळवून दिली. तीही पैशाअभावी २०१७ मध्ये बंद झाली. अठ्ठावीस ढाली भिंतीवर असूनही शाळा वाचली नाही. आमच्या लीगमध्येही पूर्वी दोन पॅरिशांचे दोन संघ असायचे, आता दोघांचा मिळून एक होतो. बनियनवर दोन नावं, पाठीवर एक नंबर. अशा वेळी लीग टिकते ती दार मोठं करूनच. दार बंद करून उरलेले किती काळ आपापसात खेळणार?

शेवटी माझ्या स्कोअरबुकातला एक संघ. नाव सांगत नाही, कारण ती मुलं आता मोठी झालीत आणि लाजतील. सहावीचा संघ, एकूण सात जण, त्या मोसमात एकही सामना जिंकला नाही. आमच्या लीगचा नियम आहे की प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात काही वेळ खेळवायचंच. त्यात एक चष्मेवाला मुलगा. जानेवारीभर त्याच्या नावापुढची ओळ कोरी. बास्केट नाही, फ्री थ्रो नाही, फाउलसुद्धा नाही. चेंडू आला की हा बाजूला सरकायचा. फेब्रुवारीत एके दिवशी त्याने समोरच्या धिप्पाड मुलाला अडवलं आणि शिट्टी वाजली. फाउल! त्याचे प्रशिक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पंच गोंधळले. मी त्याच्या ओळीत पहिली खूण केली. नियम नसता तर हा मुलगा मोसमभर बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला असता, आणि अडवायला आपल्यालाही येतं हे त्याला कळलंच नसतं.

तर कार्यकारिणीला माझी विनंती. स्पर्धेच्या फॉर्मवर ‘सभासदांची मुलं’ याच्यापुढे ‘आणि त्यांचे मित्र’ एवढे तीन शब्द घाला. मराठी येत नसेल तर चालेल, नाचो ऐवजी वडापाव खाल्ला की चार शब्द आपोआप येतात. मिडल स्कूलपर्यंत मुली आणि मुलगे एकत्र खेळू द्या. आणि प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात उतरेल हा नियम लेखी करा, तोंडी नको. तोंडी नियम चुरशीच्या सामन्यात कुणालाच ऐकू येत नाहीत, हा माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची मुलं इथे दुसऱ्यांच्या लीगमध्ये खेळली आहेत. कुणीतरी फॉर्मवर ते तीन शब्द आधीच लिहून ठेवले होते, म्हणून खेळली.

स्कोअरबुक लिहायला दोन माणसं लागतात. एक मी आहे. दुसऱ्याने जेवणाच्या रांगेत मला भेटावं.