पलटणीचे बिल्ले



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचीं नांवें घेतलीं कीं ऊंस, साखरेचे कारखाने, नीरेचा डावा कालवा आणि फार तर मोरोपंत, इतक्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु कालव्याचें पाणी सर्वांच्या शिवारांत गेलें नाहीं. जिराईत टापूंतील पुष्कळ घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या मुलगे पलटणींत पाठविले आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर दुष्काळ काढिले. अशा घरांच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेंत, जुन्या पागोट्याच्या चिंधींत बांधलेलीं जीं लष्करी पदकें आढळतात, त्यांचा संग्रह कसा करावा, तीं स्वच्छ कशीं करावींत आणि लावावींत कशीं, हा आजचा विषय आहे. पदक हा शब्द आपण पुस्तकांत लिहितों. खेड्यांत मात्र ‘बिल्ला’ असेंच विचारावें लागतें, नाहीं तर घरची म्हातारी सरळ सांगते, ‘असलं काय न्हाई आमच्यांत.’

मी शाळेंत इतिहास शिकवीत असतांना घरांतील एखादी जुनी वस्तु आणावयास मुलांना सांगत असें. अडकित्ते येत, पानाचे डबे येत, कधीं मोडी कागद येई. आणि अधूनमधून एखादी काळपट चकती येई. तिच्या एका अंगास पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या अंगास उघड्या घोड्यावरचा स्वार आणि १९१४ व १९१८ हे आंकडे. हें पहिल्या महायुद्धाचें ब्रिटिश युद्धपदक. १९१९ सालीं तें सुरू झालें आणि चांदीचीं अशीं सुमारें ६५ लाख पदकें वांटण्यांत आलीं. मजूर-पथकांतील लोकांस तेंच पदक कांशाचें दिलें. लढाईच्या मागें ओझीं वाहणाऱ्यास चांदी कशाला, असा तो हिशेब असावा. चांदीच्या पदकाबरोबर बहुधा विजयपदक असतें. तें कांशाचें असून त्यावर सोनेरी झांक आणि पंख पसरलेली विजयदेवता असते. त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. १९१५ सालच्या अखेरीपूर्वीं जो रणांगणावर पोंचला होता त्याला या दोहोंखेरीज एक कांशाचा ताराहि मिळे.

चांदीच्या पदकाचा खरा वैरी म्हणजे त्याची चांदी. वजन सुमारें पावणेतीन तोळे. १९७२ च्या दुष्काळांत आमच्या भागांतील कित्येक बिल्ले सोनाराच्या मुशींत गेले, असें जुनीं माणसें सांगतात. पोरीच्या लग्नांत पैंजण आणि जोडवीं होऊन गेले ते निराळेच. यांत आपल्या खेडवळपणाला दोष देण्याचें कारण नाहीं. १९८० सालच्या जानेवारींत चांदीचा भाव औंसामागें ५० डॉलरच्या घरांत गेला, तेव्हां प्रत्यक्ष इंग्लंडांत हींच पदकें हजारोंनीं वितळविलीं गेलीं. कांशाचें विजयपदक मात्र कोणी घेईना, म्हणून तें वांचलें. आज एखाद्या घरांत कांशाचें पदक आहे आणि चांदीचें नाहीं असें दिसलें, कीं मधली हकीकत विचारण्याची गरज पडत नाहीं.

आतां पदकाची जी बाजू बहुतेक लोक पाहातच नाहींत तिच्याकडे वळूं. ती म्हणजे त्याची कड. वाटोळ्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण हीं बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलीं असतात. ताऱ्याला कड नसल्यामुळें तीं पाठीवर असतात. नांवाचे हाल विचारूं नयेत. कारकुनाला जें ऐकूं आलें तें त्यानें लिहिलें, आणि एकाच आडनांवाचीं चार घरांत चार रूपें झालीं. तरीहि ही ओळ अमोल आहे. कां, तें सांगतों. १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत मेसापोटेमियांतील कुत-अल-अमारा येथें जो वेढा पडला, त्यांत पूना डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमारीनंतर शरणागति आणि शरणागतीनंतर कैद, असा त्यांचा प्रवास झाला. त्या मोहिमेंत जे मेले आणि ज्यांची थडगीं सांपडलीं नाहींत, त्यांचें स्मारक बसऱ्याला आहे. परंतु त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं आणि हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक संख्या! आपल्या कित्येक गांवांत चावडीपाशीं किंवा वेशींत जो संगमरवरी दगड दिसतो, त्याचीहि तऱ्हा तीच: या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतके मेले. नांव नाहीं. म्हणजे अशा एखाद्या शिपायाचें नांव सरकारनें धातूवर जें उमटविलें, तें या पदकाच्या कडेवर. जो मनुष्य तें पदक घासून चकचकीत करतो तो ती कडहि घासतो, आणि कडेचीं अक्षरें चांदींत फार खोल नसतात.

मेलेल्या शिपायाच्या वारसाला याशिवाय कांशाची एक मोठी थाळी मिळत असे, सुमारें पावणेपांच इंच व्यासाची. तिजवर ब्रिटानिया, सिंह आणि शिपायाचें नांव असतें. हुद्दा मुद्दामच घातलेला नसतो. झांकण समजून ती भांड्यांच्या मांडणींत पडलेली असण्याचा संभव आहे. श्रोत्यांपैकीं कोणाच्या गांवच्या घरीं अशी थाळी असेल तर या सुटींत शोधावी.

गंमत अशी, कीं मुंबई इलाख्यांतील नव्या पद्धतीची जमीन-पाहणी १८३६ सालीं याच इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. बांध, विहीर, आंब्याचें झाड, सगळें सरकारी कागदांत चढलें. परंतु त्या शेतांतून लढाईवर गेलेल्या माणसांचे बिल्ले कोणत्या घरांत आहेत, याची नोंद आपणांपैकीं कोणीं केली नाहीं. पुढें १९८० च्या सुमारास उजनीचें पाणी चढलें, पळसदेवासारखीं जुनीं गांवें उठलीं, ट्रंका गाड्यांत चढल्या आणि उतरल्या. त्या हलवाहलवींत काय राहिलें आणि काय गेलें, कोण जाणे.

स्वच्छतेविषयीं माझें मत थोडें कडक आहे. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पितांबरी यांतील एकहि वस्तु पदकाला लावूं नये. चांदीवर आलेली काळसर साय ही घाण नव्हे. ती धातूवर हवेनें आणलेली कांति आहे, आणि तिच्या योगें कोरीव काम उठून दिसतें. विजयपदकाची सोनेरी झांक एकदां घासून गेली कीं परत येत नाहीं. चिकट मळ असेल तर कोमट पाण्यांत सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून कापसाच्या बोळ्यानें हलकेंच पुसावें, स्वच्छ पाण्यानें धुवावें आणि मऊ सुती कापडानें लागलीच कोरडें करावें. मात्र आधीं फीत काढून ठेवावी. जुनें रेशीम पाण्यांत टिकत नाहीं आणि त्याचा रंगहि उतरतो. कांशावर हिरवा कळंक धरला असेल तर तो दांतकोरण्याच्या काडीनें, कोरडाच, हळूहळू काढावा. सुई किंवा चाकू नको. कडी मोडली असेल तर डाक देण्यासाठीं पदक सोनाराकडे टाकूं नये. जाळाच्या आंचेनें पदकाचा रंग जातो आणि डाक ओघळला तर नेमका कडेवरील अक्षरांत जाऊन बसतो. मोडकी कडी तशीच एका पाकिटांत घालून पदकाजवळ ठेवावी. मोडकें पदक हें खोटें पदक नव्हे.

पण नियम माणसांसाठीं असतात. इंदापूर तालुक्यांतील एका घरीं मीं ब्रिटिश युद्धपदक पाहिलें तें देव्हाऱ्यांत, टाकांच्या रांगेंत. बादशहा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि घोडेस्वार पुढें होता. घोडा, वर स्वार, घोड्याच्या टापांखालीं शत्रूची ढाल. जेजुरीच्या वाटेवरील माणसाला आणखी काय हवें? मॅकमिलन नांवाच्या मूर्तिकारानें सेंट जॉर्ज मनांत धरून तो स्वार घडविला. आमच्या लोकांनीं त्यांत खंडोबा पाहिला. स्वाराच्या अंगावर वस्त्र नाहीं ही अडचण भंडाऱ्याच्या थरानें आपोआप मिटली होती! घरचा नातू पुण्यास नोकरीला. त्याला तें पदक लखलखीत करून, चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावावयाचें होतें, आणि त्यासाठींच त्यानें मला नेलें होतें. त्याची आजी ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, ‘गुरुजी, आमचं आजेसासरं बसऱ्याकडनं आलंच न्हाईत. त्यांच्या जागी हे आलं. सासूबाई सांगून गेल्यात, ह्याला घासायचं न्हाई, ह्याला पुजायचं.’

नातू चिडला, त्याचें म्हणणें असें, कीं असेंच चाललें तर दहा वर्षांत नांव वाचतां येणार नाहीं. तेंहि खरें होतें. मीं निकाल दिला तो असा: पदक देव्हाऱ्यांतच राहावें, केवळ कडेवरचा भंडारा कोरड्या मऊ कुंचल्यानें झाडावा, तिच्यावरची ओळ कागदावर उतरून घ्यावी, आणि पुढें भंडारा वाहावयाचा तो स्वारावर, कडेवर नव्हे. ट्रंकेंत विजयपदक निघालें, तें नातवानें चौकटीसाठीं घ्यावें आणि शेजारीं देव्हाऱ्यांतील पदकाचें छायाचित्र लावावें. संग्रहालयाच्या शास्त्राला हें कितपत मान्य होईल तें होवो. शंभर वर्षांचा भंडारा हाहि त्या पदकाच्या इतिहासाचा भाग झाला आहे असें मी समजतों, आणि आजीच्या देखत तो धुवून टाकण्याचा अधिकार मला कोणीं दिला होता?

चौकटीचें काम करतांना दोन-तीन गोष्टी संभाळाव्या. पदक डिंकानें किंवा फेव्हिकॉलनें चिकटवूं नये. फीत कापडावर टांक्यांनीं शिवावी. लोंकरी कापड मागें घालूं नये, त्यांतील गंधकानें चांदी काळवंडते. स्वच्छ सुती कापड घ्यावें. कांच पदकाला टेंकूं देऊं नये आणि चौकट उन्हाच्या भिंतीवर टांगूं नये. युद्धपदकाची नवी फीत सव्वा इंच रुंदीची मिळते; ती लावली तरी जुनी फाटकी फीत टाकूं नये, चौकटीच्या पाठीमागें कागदाच्या पाकिटांत ठेवावी. पलटणींतून सुटल्याचे मूळ कागद चौकटींत घालूं नयेत, त्यांची नक्कल घालावी.

फितीला उलटसुलट असतें हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दुसऱ्या महायुद्धांतील आफ्रिका-ताऱ्याची फीत वाळूच्या रंगाची. मधला तांबडा पट्टा पायदळाचा, गडद निळा आरमाराचा, फिकट निळा विमानदळाचा. यांतील गडद निळा पट्टा डाव्या खांद्यापासून दूर पडला पाहिजे. आपल्या महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. तेथें केशरी अंग डाव्या खांद्याकडे. हीं स्वतंत्र भारताचीं पदकें काढणारी कलावती जन्मानें युरोपीय, परंतु विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशीं विवाह करून सावित्रीबाई खानोलकर झालेली. परमवीर चक्रावर इंद्राचें वज्र घालण्याची कल्पना तिचीच. १९५० च्या २६ जानेवारीस हीं चक्रें सुरू झालीं. पहिल्या युद्धाचा तारा, मग चांदीचें पदक, मग विजयपदक हा क्रमहि पाळावा. ज्याचें पदक तो तें डाव्या छातीवर लावतो. इंग्लंड-ऑस्ट्रेलियांत वारस लावतात ते उजव्या.

शेवटीं विकत घेणाऱ्यांविषयीं. ज्यांना संग्रह करावयाचा आहे त्यांनीं एका माणसाचीं पदकें फोडूं नयेत; चांदीचें एकाच्या घरीं आणि कांशाचें दुसऱ्याच्या, असें झालें कीं दोन्ही मुकीं होतात. बाजारांत कड घासून नवें नांव ठोकलेलीं पदकेंहि येतात. युद्धपदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. मापांत तो कमी भरला कीं कानस फिरली आहे असें समजावें. आणि कायद्याचीहि आठवण ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याप्रमाणें शंभर वर्षें ओलांडलेली वस्तु पुरावस्तु ठरते. पहिल्या युद्धाचीं बहुतेक पदकें आतां ती मर्यादा ओलांडून गेलीं आहेत. त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो आणि खासगी माणसानें तीं परदेशीं पाठविणें हा गुन्हा आहे. दारावर येऊन ‘भंगारांतलं काय देतां का’ असें विचारणारा गृहस्थ हें सांगणार नाहीं.

ज्यांना घरच्या शिपायाचा माग काढावयाचा आहे त्यांनीं कडेवर तिरपा उजेड पाडून मोबाईलनें छायाचित्र घ्यावें. अंधुक अक्षरें अशानें पुष्कळदां उठतात. मराठा पायदळाचें केंद्र बेळगांवास आहे, बाँबे सॅपर्सचें खडकीस. चौकशी तेथें करावी. मात्र १९२२ सालीं पलटणींचे आंकडे बदलले, आणि जुनी ११० वी ती पुढें पांचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी झाली, हें ध्यानांत असावें. घरांत सांगतात ती पलटण आणि कडेवर असते ती निराळी भासते ती बहुधा यामुळें. पत्रांत आधीं क्रमांक लिहावा, मग हुद्दा, मग नांव, आणि नांवाचें इंग्रजी स्पेलिंग कडेवर जसें आहे तसेंच लिहावें, आपण सुधारूं नये. एकच क्रमांक दोन पलटणींतून दोघांना दिलेला असूं शकतो, म्हणून पलटणीचें नांव त्याच ओळींत घालावें.