ओळखीचें दुःख



ज्युबिली हा मुक्तीचा उत्सव होय. लेवीयाच्या पुस्तकांत, २५व्या अध्यायांत, पन्नासावें वर्ष पवित्र मानून दास झालेल्या बांधवांस आपापल्या कुळांत परत जाऊं द्यावें अशी आज्ञा आहे. परंतु दार उघडलें म्हणजे मनुष्य बाहेर पडतोच असें नाहीं. मिसर देशांतून सुटलेले इस्राएल लोक अरण्यांत तेथील मासळी, काकड्या, कांदे व लसूण आठवून रडूं लागले. पुढें तर नवा पुढारी नेमून मिसरांत परत जाण्याच्या गोष्टी बोलूं लागले. कांदालसूण आठवला, विटांची वेठ आणि मुकादमांचा जाच मात्र विसरला!

मनुष्यस्वभावाचें हें कोडें अर्वाचीन मानसशास्त्रासही पडलें. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मुंड फ्रॉइड यांनीं १९२० सालच्या आपल्या ग्रंथांत, ज्यांची प्रत्येक मैत्री विश्वासघातांतच संपते, अशा माणसांविषयीं लिहिलें आहे. दैव त्यांच्या हात धुऊन मागें लागलें आहेसें दिसतें. पण तें दैव बहुतांशीं त्यांनींच नकळत रचलेलें असतें, असें त्यांचें मत. ज्या घरांत प्रेम आणि अपमान एकाच ताटांत वाढले गेले, तेथील मुलास पुढें अपमानाचीच चव आपलीशी वाटूं शकते. शांत, सरळ माणूस त्यास अळणी भासतो. जें परिचयाचें तेंच सुरक्षित, असा मनाचा ग्रह होऊन बसतो.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. मार खाणाऱ्या स्त्रीस 'हें तूंच निवडलेंस' असें म्हणणें अन्यायाचें होय. हातीं पैसा नाहीं, मुलें लहान, माहेरचें दार बंद. अशी स्त्री परत जाते ती हौसेनें नव्हे. 'हा तुझा क्रूस आहे, सोस' असा उपदेश तर त्याहून वाईट. शरीरास किंवा मनास गंभीर धोका असल्यास वेगळें राहण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याचें ११५३वें कलम मोकळीक देतें; आणि २००५ सालच्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानें स्त्रीस राहत्या घराचा हक्क व संरक्षण दिलें आहे. हें प्रत्येक घरांत माहीत असावें.

मग संवय मोडावी कशी? आम्ही तीन गोष्टी सुचवितों. नवें नातें, नवी चाकरी किंवा नवी भागीदारी पत्करण्यापूर्वीं, 'ही ओढ ओळखीची आहे कीं हिताची?' असें स्वतःस विचारावें. निर्णय एकट्यानें न करतां, तोंडावर खरें सांगेल अशा एका माणसाचा सल्ला घ्यावा. आणि नवी वाट परकी वाटली म्हणून लागलीच माघारें फिरूं नये. शांततेचीही संवय व्हावी लागते; आरंभीं ती ओकीओकी वाटते, पुढें तिच्यांतच झोंप लागते.

आपल्या धर्मग्रामांत या वर्षीं असें एक जरी माणूस जुन्या मिसरांतून बाहेर पडलें आणि शेजाऱ्यांनीं त्यास हात दिला, तरी आपली ज्युबिली सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.