सहावी तसबीर



संगीताच्या वर्गात थोर कलावंतांच्या तसबिरी लावायचं आपल्या बॅचने ठरवलं आणि ग्रुपवर रणच पेटलं. जागा सहा, नावं तीस! शेवटी कुणीतरी म्हणालं, भारतरत्नांचीच यादी घ्या, वाद मिटेल. एम. एस. सुब्बुलक्ष्मी 1998, रविशंकर 1999, लतादीदी आणि बिस्मिल्ला खाँ 2001, भीमसेनजी 2008, भूपेन हजारिका 2019. बरोबर सहा.

यातल्या एकाही नावाला माझा विरोध नाही. पण यादी पुन्हा वाचा. गळा आहे, सतार आहे, सनई आहे. तबला नाही, पेटी नाही. भीमसेनजींच्या गाण्यामागे अप्पा जळगावकरांची पेटी होती. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना अहमदजान थिरकवाँचा तबला होता. मैफल यांच्याशिवाय उभी राहिली असती का?

मी हे का बोलतोय, तुम्हाला ठाऊक आहे. गॅदरिंगला पेटी मीच वाजवायचो. त्या फोटोत गाणारे सगळे आहेत. माझा फक्त उजवा हात दिसतो! तेव्हा हसलो होतो. पण आजही या वर्गात एखादं पोर मागे बसून साथ करत असेल. भिंतीकडे पाहून त्याला काय कळेल? की आपली जागा मागेच?

म्हणून माझी सूचना एवढीच: पाच नावं तुम्ही ठरवा. सहावी तसबीर थिरकवाँसाहेबांची लावू. तिचा खर्च माझ्याकडे.