दाब हलला की

गिझरच्या अंगावर चिकटवलेल्या पट्टीवर दोन आकडे हमखास सापडतात: २३० व्होल्ट आणि २००० वॅट. अँपिअर कधी असतात, कधी नसतात. ओहम सहसा नसतातच. पण पहिले दोन हाती आले की उरलेले दोन काढायला कागदपेन्सिल पुरते. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तेव्हा २००० ला २३० ने भागलं की धारा निघते ८.७ अँपिअर. त्या धारेने पुन्हा २३० ला भागलं की मिळतात सुमारे २६.५ ओहम. हा झाला आतल्या कॉइलचा रोध. सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर गिझर का लावू देत नाहीत, तेही याच भागाकारात कळतं.

इथवरचं गणित दहावीचा मुलगाही करतो. खरी मौज पुढे आहे. पट्टीवरचे २००० वॅट एका अटीवर लिहिलेले असतात: घरात २३० व्होल्ट येत असले तर. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे एकदम लागतात आणि ओळीच्या टोकाच्या घरात व्होल्टेज १८० वर उतरतं. कॉइल तीच, म्हणून रोध जवळजवळ तोच. धारा होते ६.८ अँपिअर, आणि शक्ती १८० गुणिले ६.८, म्हणजे जेमतेम १२२५ वॅट. दाब, म्हणजे व्होल्टेज, २२ टक्के घटला, शक्ती ३९ टक्के. दाब कमी झाला की धाराही कमी होते आणि गुणाकारात दोन्ही घटी एकत्र येतात. म्हणून रोध कायम असेल तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला एरवी एकवीस मिनिटं लागतात, आता चौतीस लागतील. बिल मात्र कमी होत नाही. पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच, युनिटंही तेवढीच. वाढते ती फक्त आंघोळीची रांग.

दाब असा हलता असला की आकडे कसे फसवतात, याचा फटका खुद्द गेओर्ग सिमोन ओहमलाही बसला होता. एर्लांगेन गावच्या कुलपं करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. १८२५ मध्ये त्याने तारेची लांबी आणि विजेचा जोर यांचं नातं मांडणारा पहिला निबंध छापला. त्यातलं सूत्र लॉगरिदमचं होतं, आणि चुकीचं. त्या काळच्या व्होल्टा पद्धतीच्या बॅटरीचा दाब मोजता मोजताच ढासळायचा. मग तार लांब झाली म्हणून धारा घटली की बॅटरी दमली म्हणून, हे ठरवणार कसं?

एका विज्ञान नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला बॅटरी सोडून थर्मोकपल वापरायला सुचवलं. दोन धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की वीज वाहते, हे झेबेकने १८२१ मध्येच दाखवलं होतं. ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. दाब मिळाला काही मिलिव्होल्टचा, पण तो जागचा हलेना. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते ते टिपलं. या वेळी आकडे साध्या भागाकारात बसले. १८२७ च्या पुस्तकात त्याने हे सारं मांडलं, तेव्हा जर्मनीत स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळायला १८४१ उजाडलं. दाब धरून ठेवण्याची ती युक्ती सूत्राइतकीच मोलाची होती. शाळेत मात्र सूत्रच तेवढं शिकवतात.

रोध कायम आहे असं धरून चालण्यातही फसगत होते. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध हिशेबाने ८८२ ओहम भरतो. तोच विझलेला, थंड बल्ब मल्टिमीटरला लावला तर साठ-सत्तर ओहमच दिसतात. मीटर खोटं बोलत नाही आणि हिशेबही चुकलेला नाही. टंगस्टनचा रोध तापल्यावर कितीतरी पटींनी वाढतो, एवढंच. बटण दाबल्याक्षणी मात्र थंड तारेतून धारेचा लोंढा जातो. म्हणूनच असे बल्ब बहुतेकदा लावताना उडायचे.

आणि विहिरीवरचा पंप तर ओहमच्या नियमाच्या उलटच वागतो असं वाटतं. व्होल्टेज उतरलं की गिझर कमी धारा घेतो, मोटार जास्त. तिला पाणी उपसायचं काम जवळपास तेवढंच असतं, त्यामुळे कमी दाबाची भरपाई ती जादा अँपिअरनी करते. तिच्या व्होल्टला अँपिअरने भागून वाइंडिंगचा रोध निघत नाही. फिरत्या मोटारीत उलटा दाबही तयार होत असतो. पण वाइंडिंगमधली उष्णता ज्यूलच्या नियमानेच चालते: धारेचा वर्ग गुणिले रोध. धारा वीस टक्के वाढली की उष्णता ४४ टक्के वाढते. तारेवरचा वार्निशचा थर तेवढं फार काळ सोसत नाही. ‘लो व्होल्टेजने मोटार जळाली’ हे शेतकऱ्याचं म्हणणं त्यामुळे शब्दशः खरं असतं. जळायच्या आत पंप बंद करायचा तर वायरमनच्या क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर पाहायचे आणि ते मोटारीच्या पट्टीवरच्या आकड्याशी ताडायचे.