विमानाची बॅग घरीच जोखा

आज विमानाच्या सामानाविषयी बोलू. कुणी म्हणेल, आमचा आणि विमानाचा काय संबंध? पण खानापूर, आटपाडी, माण, खटाव या आपल्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी पार देशभर पांगलेली आहेत. कुणाची लेक केरळात, कुणाची तमिळनाडूत नांदते. आजवर आपण मिरजेला रेल्वेत बसायचो, बोचकी बाकाखाली सारायचो, वजन कुणी विचारत नव्हतं. आता घाईचं काम असलं की पोरं तिकीट काढून देतात आणि आपण पुण्याहून दोनेक तासांत कोचीला उतरतो.

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण डॉक्टर म्हणाले, हिला प्रवास नको. मग मीच निघाले. तिचा एकच निरोप होता : ज्वारीचं पीठ आण आणि आपली कांदा-लसणाची चटणी आण. मी ते घेतलंच. शिवाय डिंकाचे लाडू, गूळ, दोन वाकळा आणि ओटीला लागेल म्हणून खोबऱ्याच्या वाट्याही घेतल्या. नारळाच्या मुलखात मी खोबरं घेऊन निघाले होते!

विमानतळावर मोठी बॅग काट्यावर ठेवली, तर एकवीस किलो. तिकिटावर पंधराच होते. वरच्या प्रत्येक किलोला काही शे रुपये सांगितले. सोडायला आलेले दीर बाहेरच्या बाहेर परत गेलेले. मागं रांग ताटकळलेली. घाबरून हाताला आलं ते काढत गेले. वर पीठ होतं, तेच आधी निघालं. मग गूळ, मग एक वाकळ. आणि राखून ठेवलेलं खोबरं? बॅग तपासणीत ते काढायला लावलंच. लेकीनं बाळाला मांडीवर घेतलं आणि पहिलं विचारलं, "आई, पीठ आणलंस ना?" काय सांगू तिला?

तेव्हापासून मी घरीच जोखते. देशातल्या देशात साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी मोठ्या बॅगेला 15 किलो आणि हातातल्या पिशवीला 7 किलो असतात. पण कंपनीप्रमाणं फरक पडतो, म्हणून पोरांकडून आपल्या तिकिटावरचा आकडा वाचून घ्या. आधी रिकामी बॅग जोखा. जुनी कडक पेटी नुसतीच चार किलो भरते. कापडी बॅग बरी. ताणकाटा नसेल तर किराणा दुकानात जोखून आणा. आणि अर्धा-एक किलो जागा मोकळी सोडा, दोन काटे कधी एकसारखं दाखवत नाहीत.

तिकडं मिळतं ते नेऊ नका. गूळ, साखर, डाळ, तेल सगळीकडं मिळतं. वाकळीचा मोह मला अजून सुटत नाही, पण आता एकच नेते आणि तिच्यात चटणीची बरणी गुंडाळते. मसाला, तिखट, हळद मोठ्या बॅगेतच. तिखटाची पूड हातातल्या पिशवीत चालत नाही. दोन पिशव्यांत बांधून मग डब्यात घाला, नाहीतर साड्यांना वर्षभर वास. अडकित्ता, कात्री, सुरी हीसुद्धा मोठ्या बॅगेत. काडेपेटी कुठंच नको.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर घेऊच नका. खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. कोंदट, गरम जागी ते आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं, म्हणून ही बंदी आहे. आमच्या लाडवांतल्या किसलेल्या खोबऱ्याला मात्र कुणी हात लावला नाही.

हातातल्या पिशवीत औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, आधारकार्ड, पैसे आणि दागिने. मोठी बॅग आपल्या हातून गेली की ती उतरल्यावरच दिसते, तिच्यात सोनं ठेवू नका. मोबाइल चार्ज करायची पॉवरबँक असेल तर तीही हातातच लागते. मोठ्या बॅगेत तिला मनाई आहे. एक घडीची कापडी पिशवी वरच ठेवा, आयत्या वेळी काढलेलं सामान त्यात मावतं.

आणि नको तेच आधी काढता येईल असं भरा. पीठ तळाला, वाकळ वर. दुसऱ्या खेपेला मी चार किलो पीठ तसंच नेलं, बॅग साडेचौदा भरली. जास्त पीठ द्यायचं असेल, तर जत्रेला गावी आलेलं कुणीतरी रेल्वेनं परत जातंच, त्यांच्याकडं द्या.

परतीलाही जोखायला विसरू नका. लेकीनं केळ्याचे वेफर्स कोंबून बॅग फुगवली होती. जावयांच्या दुकानातला काटा सोन्याचा, त्यावर बॅग कुठली मावणार! शेजारणीकडं माणसं उभी राहतात तो काटा होता. आधी मी नुसती उभी राहिले, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी केली. साडेसतरा निघाली. अडीच किलो वेफर्स तिथंच खाल्ले गेले.