बसून काम, तरी हात दुखतो

चुलीवर काही असेल तर असू द्या, काम करता करता ऐका.

मागच्या मार्चअखेरीला आमच्या ग्रामसंघात चौदा गटांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. आमची लेखनिक आठ-नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ माऊस धरून बसली. एका रात्री भाकरी करताना तिच्या हातातून उलथनं निसटलं. झोपेत बोटांना मुंग्या यायच्या, हात झटकला की जरा बरं वाटायचं. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आमचे हात जन्मभर खुरपणीला नाही दुखले, आणि हिचे बटण दाबून दुखतात!" ती काम सोडते म्हणाली. खरं सांगायचं तर आम्हालाही आधी सासूबाईंचंच पटलं होतं.

मग तिला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी पहिलंच विचारलं, "करंगळीला मुंग्या येतात का?" नाही. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि थोडी अनामिका, एवढ्यालाच. त्यांनी समजावलं, मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणारे नऊ दोर आणि एक नस जाते. मनगट वाकवून तासन् तास ठेवलं की आत दाटी होते आणि नस दबते. खुरपताना हात निदान हलतो तरी, माऊसवर तो एकाच जागी आवळलेला राहतो. वर घरी पीठ मळणं आणि चादरी पिळणं, तेही त्याच मनगटावर.

परत आल्यावर आम्ही आमचं टेबल नीट पाहिलं. टेबल उंच, खुर्ची बुटकी प्लास्टिकची, त्यामुळे खांदा सारखा वर उचललेला. कीबोर्डच्या उजवीकडे भलंमोठं रजिस्टर आणि त्याच्या पलीकडे माऊस! म्हणजे दिवसभर हात लांबवूनच काम. आम्ही रजिस्टर डावीकडे घेतलं, डब्याला टेकवून उभं केलं. माऊस कीबोर्डला खेटून आणला. खुर्चीवर गोधडीची घडी टाकली, म्हणजे कोपर टेबलाच्या उंचीला आलं. मग पाय लोंबायला लागले, म्हणून खाली पाट ठेवला. पैसा एकही लागला नाही.

माऊस हलवताना मनगट टेबलावर रोवून नुसता पंजा वळवू नका, कोपरापासून हात फिरवा. धरायचाही अलगद. टेबल गुळगुळीत असलं की बाण अडखळतो आणि आपण माऊस आणखी आवळतो, तेव्हा खाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवा. बाण हळू चालत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग वाढवा, हात कमी फिरवावा लागतो. आणि हो, बांगड्या. टेबलाची कड आणि मनगट यांच्यात त्या रुततात. कामापुरत्या वर सरकवा, कोणी नावं ठेवत नाही.

सगळ्यात फरक पडला तो टॅबच्या बटणाने. आमच्या फॉर्मात एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जायला माऊस लागतच नाही, टॅब दाबलं की पुढची चौकट येते. हे आम्हाला प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून आहे. आता एका गटाची नोंद झाली की उठायचं, पाणी प्यायचं, मुठी उघडझाप करायच्या, मगच दुसरं रजिस्टर.

एवढं करूनही मुंग्या रोज येत असतील, वस्तू हातातून पडत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला दिसत असेल, तर तेल चोळत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, थायरॉईड असलेल्या आणि गरोदर बायकांनी तर लवकरच. आमच्या लेखनिकेला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला होता. दोन महिन्यांनी मुंग्या थांबल्या.

तिने काम सोडलं नाही. चौदापैकी सात गट आता दुसरी एक जण बघते, आणि घरच्या चादरी तिचा मुलगा पिळतो.