शैवालांची निळी चित्रे



नागपूर राजधानी असताना आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील सरकारी नोकरीच्या निमित्ताने या रायपुरात आले. त्यांत जे बांधकाम खात्यात वा रेल्वेत होते, त्यांच्या घरी निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे नकाशे पाहिल्याचे काहींना स्मरत असेल. माझ्या शाळेच्या वह्यांना त्याच रद्दी नकाशांची वेष्टणे असत. त्या निळ्या कागदाचे पूर्वचरित्र मोठे मनोहर आहे.

१८४२ साली सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदाने लोहाच्या दोन क्षारांचे द्रावण कागदाला लावून तो उन्हात ठेवला. ऊन लागलेला भाग निळा होतो. झाकलेला भाग पाण्याने धुतला की पांढरा राहतो. कॅमेरा लागत नाही.

पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज विदुषीने अशा कागदावर वाळवलेली समुद्रशैवाले ठेवून ग्रंथ सिद्ध करण्यास आरंभ केला. काम १८५३ पर्यंत चालले. पूर्ण प्रतीत सुमारे ४०० पाने, आणि प्रत्येक पान स्वतंत्रपणे उन्हात धरलेले! बाईंना चित्रकला येत नव्हती असे नव्हे. वडिलांनी अनुवादिलेल्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथासाठी त्यांनीच २०० हून अधिक चित्रे रेखाटली होती. परंतु शैवालांचे सूक्ष्म तंतू हाताने बिनचूक उतरत नाहीत हे ओळखून त्यांनी आपली लेखणी आवरली. कुशल हाताचा हा संयम मला त्या ग्रंथातील खरी कला वाटते.

शास्त्राच्या कसोटीवर मात्र ही छायाच. रंग कळत नाही, जाडी कळत नाही. वाळवून जपलेला नमुना अधिक सांगतो. शिवाय बाईंनी प्रस्तावनेखाली केवळ ‘ए. ए.’ लिहिले, आणि पुढे एका संग्राहकाने ही कोणा अनामिक हौशी माणसाची आद्याक्षरे मानली.

गेल्या वैशाखात आम्ही मुलांकडून हा प्रयोग करविला. (येथे त्या महिन्यात उन्हाची चणचण नसते.) एका मुलीने बहाव्याचा तुरा आणला. देठ पांढरेशुभ्र उमटले, पातळ पाकळ्यांतून मात्र ऊन झिरपून फिकट निळाई आली. तुऱ्याशेजारी ठेवलेल्या तेलकट पातळ कागदावर मुलीने काळ्या शाईने ‘अमलतास’ लिहिले होते. आजीने तिच्या हातून लेखणी घेऊन खाली ‘बहावा’ लिहिले. कागद धुतल्यावर दोन्ही नावे सारखीच पांढरी निघाली.